गुलाबी हिरड्यांची गिटार

काकू दात करायच्या. लोकांचे. गल्लीत त्यांना दातवाल्या काकू म्हणत, आणि हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी त्यांच्या तोंडाकडे बघे. काकूंचे स्वतःचे दात साधेच होते, त्यातला एक जरा पुढे आलेला.

डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन लॅबमध्ये पाठवत. काकू त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढत, मेणाची हिरडी घडवत, तिच्यात एकेक दात बसवत. मग मेण जाऊन त्या जागी गुलाबी अॅक्रिलिक येई, ते घासून चकचकीत केलं की कवळी तयार. ज्याच्या तोंडात ती जायची त्याला काकूंनी कधी पाहिलेलं नसे. पण वरचा एक दात केसभर जरी आधी टेकला तरी त्या माणसाला जेवण नकोसं होईल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून एवढ्या वर्षांत कामात त्यांनी अंदाज म्हणून कधी वापरला नव्हता. अंदाज भाजीत मीठ घालायला, असं त्या म्हणत.

मग लॅबमध्ये मशीन आलं. ते ठोकळ्यातून दात कोरून काढी, आणि चहाला थांबत नसे. मालक भले होते. त्यांनी काकूंना काढलं नाही, अर्ध्या दिवसावर आणलं. "आता तुम्हाला जरा आराम," ते म्हणाले.

आराम म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे काकूंना कोणी शिकवलं नव्हतं. दुपारी घरी येऊन त्या डब्यांची झाकणं नीट बसतात का बघू लागल्या. जी बसत नव्हती ती कानशीने घासून बसवली. मग दारांच्या कड्या झाल्या, मग खिडक्यांच्या. शेवटी घरात घासण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा काका आपला चष्मा उशीखाली ठेवून झोपू लागले.

काका पाण्याचे मीटर तपासायच्या नोकरीत होते. दिवसभर परक्या जिन्यांखाली वाकून घरी आले की बोलण्यासारखं त्यांच्याजवळ काही शिल्लक नसे. घरातलं तिसरं माणूस म्हणजे काकांच्या आई. वय ऐंशीच्या पुढे, जीभ शाबूत, कान गेलेले. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते कपाटाच्या खणात. "ते कानात शिट्ट्या मारतं," सासूबाई म्हणत. "शिट्टीवर वळून बघायचं वय गेलं माझं." तोंडातली कवळी मात्र त्या झोपेपर्यंत काढत नसत. ती सुनेने केलेली होती.

एका रविवारी पुतण्या आला, काकांच्या थोरल्या भावाचा मुलगा. विमा कंपनीत नोकरीला होता. लग्न ठरत नव्हतं, त्याची खंत त्याच्यापेक्षा इतरांनाच जास्त होती. त्याने एक लांबट खोकं आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"काकू, हे तुम्हाला."

"काय आहे?"

"गिटार. म्हणजे, गिटारचं सामान. इलेक्ट्रिक. मला वाटलं जोडायला सोपी असेल. उघडून बघितलं तर आत गिटार नव्हतीच, नुसते तुकडे. तुम्ही तोंडभर दात जोडता, हे काय मोठं!"

"मला वाजवता येत नाही रे."

"मला तरी कुठे येते? तीन कॉर्ड येतात. म्हणजे तारा तीन प्रकारे दाबता येतात."

खोक्यात कच्च्या लाकडाची एक चपटी बॉडी होती. तिच्यात चुंबकासाठी खोबण कोरलेली होती, पण घोडीची भोकं पाडलेली नव्हती. लांब मान होती, धातूच्या पट्ट्या मारलेली. खुंट्या, स्क्रूंची पुडी, तारांचा आवाज पकडणारं चुंबक, दोन बटणं, रंगीत वायरी आणि मुंगीएवढ्या अक्षरांतला एक कागद.

सासूबाईंनी येऊन सगळं निरखलं. "स्टूल आहे का?" त्यांनी विचारलं. "मग पाय कुठायत?"

"गिटार आहे, आई!" काकू ओरडल्या.

"कोणाला आजार?"

काकांनी खोक्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बघ." त्यांच्या हिशोबाने ते भाषण होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून जेवणाचं टेबल गेलं. तिघंही ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. काकूंनी आधी मान बॉडीच्या खाचेत बसवून पाहिली. ती थोडी डुगडुगत होती. त्यांनी खाच घासली, लाकडाची पातळ ढलपी लावली, पुन्हा घासली. शेवटी मान अशी बसली की स्क्रू न लावताच गिटार मानेला धरून उचलता येई. त्यांनी ती तशी उचलून काकांना दाखवली. काकांनी मान हलवली. पट्ट्यांची टोकं बोटाला लागत होती, ती काकूंनी दाढेचे कोपरे गोल करतात तशी गोल केली. लाकडाला काळं पॉलिश इतकं मारलं की सासूबाई त्यात बघून केस सारखे करू लागल्या.

राहिली घोडी. घोडी म्हणजे बॉडीवरचा तो धातूचा तुकडा, ज्याच्यावर तारा टेकतात. कागदावर तिची जागा लिहिलेली होती, आकड्यासकट. काकूंनी तो वाचलाही. मग घोडी नुसती ठेवून बघितली. आकड्याप्रमाणे ती फार मागे जात होती, रेल्वेच्या बाकावर कडेला टेकलेल्या माणसासारखी अवघडलेली दिसत होती. काकूंनी ती बोटभर पुढे सरकवली. छान दिसली. त्यांनी भोकं पाडली.

वायरी जोडल्या, तारा चढवल्या. पुतण्याने स्पीकरचा एक छोटा डबा आधीच आणून दिला होता. त्याला गिटार लावताच घरभर घुं असा आवाज सुरू झाला. काकूंनी तारेला हात लावला तरी तो थांबेना. काकूंना वाटलं इलेक्ट्रिक म्हणजे असंच असणार. काका त्या वेळी बाहेर होते. संध्याकाळी आल्यावर त्यांनी घुं ऐकलं, फ्रीज पुढे ओढला, आतला बर्फ काढला, मागची जाळी पुसली आणि पुन्हा जागेवर सरकवला. दुसऱ्या दिवशीही घुं होतंच, तेव्हा ते फ्रीजच्या मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्री फ्रीजला कान लावून बराच वेळ बसला आणि म्हणाला, "फ्रीज चांगला आहे. टेबलावर काय ठेवलंय?"

फोनवर बघून काकूंनी तारा सुरात लावल्या. मोकळी तार ठीक वाजे. पण मानेवर मधे कुठे बोट दाबलं की सूर चढे, आणि बोट जितकं खाली सरके तितका जास्त चढे, एखाद्या नाराज पाहुण्याच्या आवाजासारखा. काकूंना वाटलं तारा खराब. नव्या आणल्या. त्याही खराब निघाल्या. आणखी नव्या आणल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाई, तारा बदलून काय होतंय? गिटार घेऊन या."

दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्ती करणारा दाढीवाला मिस्त्री बसे. त्याने गिटार हातात घेतली, मानेचा सांधा पाहिला आणि म्हणाला, "वा! हे कोणी केलं?"

"मी."

"आणि ही घोडी?"

"तीही मीच."

त्याने टेप काढली. मानेच्या टोकापासून मधल्या पट्टीपर्यंत मोजलं, मग तिथून घोडीपर्यंत. टेप तशीच धरून त्याने काकूंकडे पाहिलं. "ही दोन अंतरं सारखी हवीत. तुमची बोटभर चुकलीय. आता ही गिटार सुरात येणं जन्मात शक्य नाही. भिंतीवर टांगा, शोभून दिसेल. कागदावर आकडा नव्हता का?"

"होता."

"मग?"

काकूंनी गिटार परत हातात घेतली. मिस्त्रीने घुं कशामुळे ते मात्र फुकट सांगितलं. एक वायर घोडीला जोडायची राहिली होती.

परत येताना त्या बसमध्ये गिटार उभी धरून बसल्या होत्या. त्यांना राग येत होता, आणि तो मिस्त्रीवर काढता येत नव्हता हीच अडचण होती. इतकी वर्षं केसभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही आणि इथे बोटभर. का? हे कोणाच्या तोंडात जाणार नव्हतं म्हणून. कोणाचं काही दुखणार नव्हतं, कोणी परत आणून टेबलावर आपटणार नव्हतं. आपल्या एकटीसाठी करायची वस्तू, तिला कशाला मोजायचं, असंच आपण आत कुठेतरी धरून चाललो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढचे दोन स्टॉप त्यांनी खिडकीबाहेर बघून काढले. शेजारच्या बाईने विचारलं, "मुलाची का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "माझी."

दुसऱ्या दिवशी लॅबमधून येताना मालकांना विचारून त्यांनी कवळ्यांचं उरलेलं अॅक्रिलिक आणलं. रंग एकच होता, हिरडीचा. घोडी काढून जुन्या भोकांत त्यांनी ते भरलं, सुकल्यावर घासलं, चकचकीत केलं. मग टेप घेऊन मोजलं. पुन्हा मोजलं. काकांना टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. काका म्हणाले, "मीटरला आम्ही एकदाच बघतो." काकूंनी तिसऱ्यांदा मोजलं आणि भोकं पाडली. घोडी आकड्याच्या जागी गेली, राहिलेली वायरही तिला जोडली. तिच्या पुढ्यात, काळ्याभोर पॉलिशवर, गुलाबी ठिपक्यांची एक ओळ उरली.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "अगं, हिला हिरड्या आल्या," त्या म्हणाल्या. "आता दात कधी येणार?"

स्पीकरचा डबा न जोडताच काकूंनी एक तार छेडली. बारीक आवाज आला, टेबलापलीकडे न जाणारा.

"वाजली?" सासूबाईंनी विचारलं.

"वाजली!"

"मला कसं कळणार?" त्या पुढे वाकल्या, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि सरळ गिटारच्या शिंगासारख्या टोकावर हनुवटी ठेवली. "हं. वाजव."

काकूंनी तार छेडली. सासूबाईंचा चेहरा एकदम थांबला. चहा गरम आहे की नाही हे कळायच्या आधी माणूस जसा थांबतो, तसा. मग त्यांनी कवळी घट्ट मिटली.

"पुन्हा."

काकूंनी पुन्हा छेडली.

"येतंय की," सासूबाई म्हणाल्या. "इथे येतंय. जबड्यातून." डोळे भरले होते की वयामुळे पाणी येत होतं, ते त्यांच्या बाबतीत नेहमीच सांगणं कठीण असे. मग म्हणाल्या, "वाईट वाजतंय. पण वाजतंय."

त्यानंतर दुपारी दोघी बसू लागल्या. काकू एकेक तार छेडत, खालची पट्टी दाबत, वरची दाबत. सासूबाई हनुवटी टेकून ऐकत आणि "जास्त", "कमी", "आता बरं" एवढंच सांगत. फोन आणि सासूबाई यांचं मत क्वचितच वेगळं पडे, आणि पडलं तर सासूबाई फोन बिघडलाय म्हणत. काकूंना दोनचार सुरांची एक चाल बसली. ती फार मोठी नव्हती, पण सुरुवात आणि शेवट ओळखू येत. काकांनी ती चाल मीटर तपासताना गुणगुणल्याची तक्रार एका गिऱ्हाइकाने केली, असं नंतर कळलं.

दोनेक महिन्यांनी पुतण्या आला. गिटार पाहून थक्क झाला. उलटसुलट करून पाहिली, गुलाबी ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"काकू, कमाल केलीत! हे डिझाइन कुठे मिळालं?"

"चूक झाली होती, ती बुजवली."

"भारी दिसतंय. मी घेऊन जाऊ का मग? आमच्या ऑफिसात कार्यक्रम आहे. आणि तशी ती... म्हणजे सामान माझंच होतं ना."

सामान त्याचंच होतं, हे खरं होतं. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका पेपरमध्ये गेले होते.

"आई," काकू मोठ्याने म्हणाल्या, "हा गिटार मागतोय."

"काय?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, गिटार!" पुतण्या ओरडला. "घरी नेऊ?"

"ऐकू येत नाही रे."

"गिटार! घरी! नेऊ का?"

"कान गेले माझे," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून गिटारशेजारी बसल्या. "तू ये इकडे. वाजवून दाखव काय येतं ते."

पुतण्या बिचारा बसला. गिटार मांडीवर घेतली. आजीने त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर हनुवटी टेकवली आणि थेट त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या जवळून कोणी त्याला ऐकलं नव्हतं. मुली बघायला जातानाही इतकं दडपण आलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. त्याने पहिली कॉर्ड वाजवली, दुसरी वाजवली, तिसरीला बोटं अडखळली.

"ही राहू दे इथेच," थोड्या वेळाने तो हळूच काकूंना म्हणाला. "मी येत जाईन. मला सरावाची गरज आहे."

"ये की," काकू म्हणाल्या. "जेवायलाच ये."

आता जेवण टेबलावरच होणार होतं. काकूंनी स्पीकरचा डबा खाली ठेवला आणि फडकं मारायला घेतलं. पुतण्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मधेच सासूबाईंनी हात वर केला.

"तिसरी तार उतरलीय."

पुतण्याने फोन काढून तपासलं. उतरली होती. काकूंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि खुंटी पिळायला घेतली.