मार्गासनीची फुटकी बंदूक

सांगलीहून निघताना नवऱ्याने विचारले, "भोरला जातेयस, तर घाट, धबधबे बघून येशील ना?" मी म्हटले, "बंदूक बघायला चाललेय." आयटीआयमध्ये मुलांना लेथ शिकवण्यात माझा जन्म गेला आणि जुन्या बंदुकांच्या वेडापुढे घरच्यांनी केव्हाच हात टेकले आहेत.

पहिला मुक्काम भोरजवळ उत्रोलीला, मैत्रीण नलूकडे. नवरात्र होते, भाताच्या लोंब्या वाकल्या होत्या. उपवासाची भगर आणि दाण्याची आमटी वाढता वाढता नलूने फोनवर सांगितलेलेच पुन्हा सांगितले, "मार्गासनीला आमच्या नात्यातले तात्या आहेत. त्यांच्या बंदुकीला वरून भोक आहे, मागच्या बाजूला. सगळे म्हणतात, फुटली." मी विचारले, "फुटून पडलेले भोक की मुद्दाम पाडलेले?" नलू म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं!" मला तेवढ्यावरच झोप लागेना.

अष्टमीला सकाळी ST धरली. शेजारणीशी गप्पा मारण्याच्या नादात नसरापूरचा फाटा मागे राहिला आणि थेट शिवऱ्याला उतरले. तिथे चहा घेतला, स्वतःला दोन शब्द सुनावले आणि एका भाजीच्या टेम्पोत बसून उलट आले. मार्गासनीला पोचेपर्यंत ऊन चांगले तापले होते.

तात्या ओसरीतच बसले होते. वय झालेले, पण ताठ. त्यांनी आधी परवान्याचा कागद दाखवला, मग सुनेला, सुमनला, माळ्यावरून बंदूक काढायला लावली. म्हणाले, "बाई, गोड बोलू नगा. फुटकी आसंल तर फुटकी म्हना."

"एवढं काय आहे त्यात?" मी विचारले.

उत्तर सुमनने दिले. "खंडेनवमीला समद्या घरांची हत्यारं भैरोबाम्होरं मांडत्यात. आमची मांडत न्हाईत. खंडित वस्तू द्येवाम्होरं चालत न्हाई ना! गावात आमाला फुटक्या बंदुकीचे म्हनत्यात. माझ्या लग्नाच्या बोलणीतबी निघालं व्हतं." तात्या खाली बघत म्हणाले, "माझा बा ही खांद्यावर घिऊन देवळात गेला व्हता. पायरीवरनं माघारी लावलं त्यास्नी. म्या संगं व्हतो."

मी बंदूक हातात घेतली. तोंडातून गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली. दस्ता शिसवी, गारगोटी धरणाऱ्या घोड्याची मान सुरेख वळवलेली. कुठे नाव नाही, शिक्का नाही. साहेबाच्या देशातली की इथल्या कुणा कारागिराने पाहून घडवलेली, ते सांगता येईना. मग भोकात करंगळी घालून फिरवली. आत स्क्रूला असतात तसे आटे होते.

"तात्या, फुटलेल्या भोकाला आटे नसतात," मी म्हटले. "हे पाडलेलं आहे."

साधी ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. दारू घाला, गोळी घाला, गजाने ठासा. शत्रू तोवर जेवून येईल. ही बुडाकडून भरायची. नळीतून उभा एक जाड स्क्रू जातो आणि चापाभोवतीची कडी हीच त्याची मूठ. कडी एक फेरा फिरवली की स्क्रू खाली उतरतो, वर भोक उघडते. आधी गोळी सोडायची, ती नळीत पुढे कापलेल्या पिळदार खाचांपाशी अडते. मागून दारू ओतायची आणि कडी उलटी फिरवून भोक बंद. एका फेऱ्यात काम व्हावे म्हणून कारागिराने एकाऐवजी अनेक आटे शेजारी शेजारी कापले होते, तेही हाताने. मी यंत्रावर असे आटे कापले आहेत, तेव्हाही घाम फुटला होता. त्या माणसाला मी तिथेच ओसरीवर नमस्कार केला.

या बंदुकीचा स्क्रू कुणीतरी खाली उतरवला आणि तो तसाच गंजून बसला. पुढे घरात कडी फिरते हेच कुणाला ठाऊक राहिले नाही.

गंज सोडवायला रॉकेल मिळेना, म्हणून सुमनने पॉवर टिलरचे डिझेल आणले. ते स्क्रूवर ओतून रात्रभर मुरू दिले, मीही तिथेच राहिले. नवमीला सकाळी फडके गुंडाळून कडी धरली आणि जोर लावला. हलेना. लाकडी मोगरीने ठोकले, तरी हलेना. तात्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मला उमगले, बंदूक उलटी धरून मी उजवे-डावे चुकवत होते! विद्यार्थ्यांनी पाहिले असते तर तोंड लपवावे लागले असते. बाजू बदलली, पुन्हा ठोकले. कडी कुरकुरली, मग फिरली. भोकातून स्क्रूचे टोक वर आले आणि नळीशी सपाट बसले.

सुमन म्हणाली, "आगं बाई, मिटलं की!"

देवळात तलवारी, कोयते, विळे मांडून झाले होते. गुरव म्हणाला, "तात्या, फुटकी ना ती?" तात्यांनी बंदूक आडवी धरली. साऱ्या गावासमोर कडी फिरवली, भोक उघडले. परत फिरवली, मिटवले. गुरवाने त्यावरून बोट फिरवले, आणखी एकदा करून दाखवायला सांगितले. मग दोन तलवारी बाजूला सरकवून मधे जागा केली आणि बंदुकीला हळदकुंकू वाहिले.

दुपारी तात्या मला गावाच्या फाट्यापर्यंत सोडायला आले. टेम्पो येताना दिसला तेव्हा म्हणाले, "बाई, माझ्या बापालाबी ठावं नसंल, न्हाई? ही कडी फिरती म्हनून?"

"नसणारच. माहीत असतं तर पायरीवरच फिरवून दाखवली असती."

"म्या तरणा असताना त्यास्नी म्हनलं व्हतं, फेका ती फुटकी, गाव हासतंय. लई बोललो. पर त्यांनी न्हाई फेकली. दर सालाला वरनं तेल पुसून माळ्यावर ठिवायचे."

टेम्पोत बसले तरी ते डोक्यातून जाईना. जे मोजता येते तेच खरे, असे मी आयुष्यभर वर्गात सांगत आले. भोकातले आटे मला हाताला लागले, म्हणून मी छातीठोकपणे बोलले. तात्यांच्या वडिलांच्या हाती असा काही पुरावा नव्हता. देवाने नाकारलेली, पोटच्या पोराने फेकायला सांगितलेली ती बंदूक त्यांनी तरीही पुसून ठेवली, म्हणून तर मला बघायला मिळाली.