उलट्या जिल्दीचं पुस्तक

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी भालकीच्या शाळेत हिसाब आणि सायन्स शिकवतो, तेही उर्दूतून. पोरांनी पिंपळावरच्या मुंजाचं नाव काढलं की मी त्यांना उभं करून पाढे म्हणायला लावतो. तरी हे लिहितोय... कारण खोलीत मी एकटाच असतो, आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

आमचं लहानपण आळंदचं. मी नऊ वर्षांचा, अक्का चौदाची, नुकतंच लग्न झालेली. दोघांत मिळून एक पुस्तक होतं — यानात बसून तांबड्या ताऱ्यावर जाणाऱ्या सात जणांची गोष्ट. त्याची शिवण सुटली म्हणून वडिलांनी ते बाजारातल्या जिल्दसाज चाचांकडे बांधायला टाकलं. चाचांना मराठी अक्षर येत नव्हतं. उर्दू किताब उजवीकडून उघडते, त्या सवयीनं त्यांनी सुटे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, उलटे रचले आणि शिवून टाकले. एकेक प्रकरण एकेका फर्म्याचं होतं, त्यामुळे बारावं प्रकरण सगळ्यात आधी आलं आणि पहिलं सगळ्यात शेवटी! अक्का तक्रार घेऊन गेली तर चाचा म्हणाले, "किताब तो सीधीच है बेटी, तुमीच उल्टा पढ रहे."

मग आम्ही तसंच वाचलं. म्हणजे अक्का वाचायची, मी ऐकायचो. आमच्या पुस्तकात सुरुवातीलाच सहा जण घरी परत यायचे आणि सातवा, त्यांचा आचारी, तिकडेच मेलेला असायचा. पण दोन प्रकरणं पुढे गेलं की तोच आचारी ताऱ्यावर चूल पेटवून भाकऱ्या थापत बसलेला! अक्काला याचं भारी कौतुक. "बग, मेलेलं माणूस परत यायलंय," म्हणायची. काही पानं कडेला जोडलेलीच राहिली होती. ती अक्का केसातल्या आकड्यानं फाडायची, आणि कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या व्हायच्या. अनुक्रमणिकेत पहिल्या प्रकरणाचं नाव होतं 'निरोपाची पंगत'. सातही जण एका पंगतीत जेवायला बसले की आपलं पुस्तक संपणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पाचवं प्रकरण वाचून झालं आणि मुडबीहून तिला न्यायला सासरची माणसं आली. मी भोकाड पसरलं.

"कामून रडायलास? चारच ऱ्हायल्यात. पंचमीला आले की वाचू. माझ्याबिगर फुडं वाचायचं न्हाई, बग!"

मी व्हय म्हणालो. पंचमीच्या दिवशी दुपारपर्यंत वेशीत जाऊन बसलो होतो. ती आली नाही, मुडबीत पटकीची साथ होती... दोन दिवसांनी माणूस निरोप घेऊन आला. आईनं तिच्या सगळ्या वस्तू देऊन टाकल्या, त्यात पुस्तकही गेलं.

पुढे नोकरी लागल्यावर सोलापूरच्या जुन्या बाजारात दुसरी आवृत्ती मिळाली. आमच्या पुस्तकावर यानाच्या दारात पगडीवाला नायक होता, इथे त्याला हॅट घातलेली. चाळली आणि ठेवून दिली. फर्मे सरळ, आचारी शेवटी मरतो तो मरतोच. ते आमचं पुस्तक नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सोलापुरातच तिसरी आवृत्ती घेतली. लढाईमुळे कागद भिकार, कव्हरवर चित्रच नाही. पण कोरी, पानं न कापलेली. याला साक्षीदार आहे — परतताना संस्थानच्या सरहद्दीच्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं ती उलटीपालटी केली आणि "इसके तो पन्नेच बंद हैं," म्हणून परत दिली. भालकीला आल्यावर ती टेबलावर ठेवली आणि कुलूप लावून शाळेत गेलो. दुपारी येऊन पाहतो तर शेवटच्या पानापासून मागे पाचव्या प्रकरणापर्यंत सगळी पानं फाडलेली. कडा कुरतडल्यासारख्या. आणि अलीकडची चार प्रकरणं जशीच्या तशी बंद.

मालकीणबाईंना विचारलं, खोलीत कोण आलं होतं?

"कोण येतंय मास्तर? किल्ली तुमच्याच खिशात हाय न्हवं?"

उंदीर म्हणावं, तर उंदीर प्रकरणं मोजत नाहीत. संध्याकाळी स्वतःलाच शिव्या देत मी पाचवं प्रकरण मोठ्यानं वाचलं. समोर रिकामी खुर्ची. दुसऱ्या दिवशी कुलपावर लाखेचा शिक्का मारून शाळेत गेलो. परत आलो तेव्हा शिक्का शाबूत होता आणि चौथं प्रकरण उघडलेलं. ते वाचलं, तिसरं उघडलं. तिसरं वाचलं, दुसरं उघडलं. भीती वाटली का? खरं सांगतो, नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शाळा सुटल्यावर मी घाईनं घरी यायला लागलो होतो.

दुसरं वाचलं त्याला आता सात महिने झाले. पंगतीचं प्रकरण उघडून पडलंय, मी वाचलेलं नाही. ते वाचलं की पुस्तक संपलं, मग खोलीत पुन्हा मी एकटा. कुणा वाचकाला याचा सायन्सनं खुलासा करता आला तर जरूर कळवा, मला सुचत नाही.

अक्का खोळंबली असेल, कळतं मला. पण एका पंचमीला मी तिची वाट पाहिली होती. आता थोडी तिनं पाहावी.