निसटलेली वायर

आज वर्गात नवा कीबोर्ड खोक्यातून काढला आणि त्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या वासाबरोबर मी भाईंदर पश्चिमेच्या माझ्या जुन्या शाळेत, चौथीच्या वर्गात जाऊन पोचले.

शाळेत पहिल्यांदाच कॉम्प्युटर आला होता. मुलांनी आळीपाळीने माउस धरला. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी नाकाला पदर लावला. "तू नको. सकाळी आईबरोबर मासळी निवडून येतेस ना? हाताला वास येतो तुझ्या. लांबून बघ." सगळा वर्ग हसला. वर्षभर मी लांबूनच बघितलं, पण एकही गोष्ट नजरेतून सुटू दिली नाही.

मग तपासणीला साहेब आले. "एखादी वेबसाइट उघडून दाखवा," म्हणाले. बाई क्लिक करत राहिल्या, पण पान काही उघडेना. इंटरनेटची वायर मागून निसटली होती. मला बाकावरून ती स्पष्ट दिसत होती. बाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं, "कुणाला काही कळतंय का रे?"

मी हाताची घडी घातली आणि गप्प बसले.

आता मीच शिकवते. साहेबांसमोर येत असलेलंही कसं सुचेनासं होतं ते मला ठाऊक आहे. बाईंना ते यंत्र कुणी धड शिकवलंच नसणार, हेही कळतं. तरी त्या गप्प बसण्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. साहेब शेरा लिहून निघून गेले, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले होते. मी ते पोटभर पाहून घेतलं.