चादरीत बांधून आणलेली गिटार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बहिणीला नाही, देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा नीट शब्दांत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो, आणि वेळ लागला की मी मधेच उठून दुसरं काम काढते. आज उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

अकरा दिवस झाले, माझ्या फोनमध्ये एक गिटार आहे. म्हणजे फोटो आहे, आणि त्याखाली एक बटण. ते दाबलं की गिटार घरी येते. जाड चार तारांची, बेस गिटार म्हणतात तिला. मला इंग्रजी येत नाही, म्हणून फोनशी बोलून शोधली; फोनशी बोलतानाही तोंडावर पदर धरला होता. मुलीनं समजावलं, की कंपनीनं पन्नास वर्षांपूर्वीचं मॉडेल तसंच्या तसं परत काढलंय. घडण जुनी, वस्तू कोरी. मधोमध मधासारखा रंग, कडेला काळपट होत गेलेला. आमच्या घरात होती ती हुबेहूब अशीच.

"आई, तू काय करणार गं तिचं?" मुलगी हसली. तुझ्या बापासाठी, असं म्हणाले तर तिला भरून आलं. म्हणाली, किती करतेस तू त्यांचं.

त्या शब्दावरच मी अडले. पैशाचं सोडा, मेसच्या भाकरी थापून साठवलेले आहेत. मग बटण का दाबत नाही? सांगते. थोडं मागून यावं लागेल.

लग्न होऊन मी औरंगाबादेत आले तेव्हा जालना रोडला आमच्या वस्तीमागं ज्वारीची रानं होती. आता तिथं सोसायट्या आहेत. हे दिवसा गोदामात हमाली करायचे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. मेंढपाळाच्या घरातला माणूस बेस वाजवतो, याचं सगळ्यांना नवल वाटे. छावणीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी यांना शिकवलं होतं, आणि हात थरथरायला लागले तेव्हा स्वतःची गिटार यांच्या हातात दिली होती. विकली नव्हती — दिली होती.

ड्रमवर सलीमभाई. हे म्हणायचे, बेस आणि ड्रम म्हणजे एका जुवाखालचे दोन बैल, एक थांबला की दुसऱ्यानं थांबायचं. सलीमभाई घरी आले की मी आत. ते बाहेरून थट्टा करायचे, "दो साल में भाभी की आवाज़ एक बार सुना मैं, वो बी कुत्ते को हाड़ बोले तब." मी आत तोंड दाबून हसायचे. मला बोलताच येत नव्हतं माणसांपुढं. हे खरं आहे. हे खरं होतं, म्हणूनच पुढचं सगळं जमलं.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. सलीमभाईंनी खुलताबादच्या एका लग्नासाठी गिटार त्यांच्या भाच्यासाठी नेली होती. हे कामावर गेल्यावर, सकाळी, सलीमभाई ती परत घेऊन आले. फुलांच्या चादरीत बांधलेली, दोन गाठी मारून. दारातूनच म्हणाले, "भाभी, तारां थोडे उतर गए. भाई को बोलो, मिला लेना." मी आतून हात लांब करून घेतली.

उतरल्यात, म्हणजे आवाज बसलाय, एवढं मला कळलं. दुसऱ्या दिवशी यांचा मोठा कार्यक्रम होता. आणि आवाज बसला तर काय करायचं, हे मला माहेरी माहीत होतं. आमच्याकडं ढोल असायचा. कातडं ढिलं पडलं की वडील तो उन्हात ठेवायचे, नाही तर जाळापाशी फिरवायचे. मग बोटानं टिचकी मारली तरी खणकन बोलायचा. मला वाटलं, हे संध्याकाळी येतील, वाजवतील, म्हणतील आज कशी बोलतीय बघ. मी चादर सोडली आणि गिटार घराच्या पत्र्यावर उताणी ठेवली.

मग टँकर आला.

दोन हंड्यांसाठी किती वेळ गेला ते आठवत नाही. भांडणं झाली, पाइप तुटला, पुन्हा रांग लागली. परत आले तेव्हा ऊन माथ्यावरून कलून गेलं होतं. गिटारीला हात लावला तर चटका बसला. लांब दांडा जिथं पोटाला जोडलेला असतो तिथं फट पडली होती, आणि दांडा तारांच्या ओढीनं वर उचलला होता. मी दाबून पाहिला. बसेना.

ही चूक झाली. ती अडाणीपणाची चूक होती, आणि ती ऐकून हे फार तर चार दिवस बोलले नसते. मी ती चूक सांगायला बसलेले नाही.

मी गिटार ओल्या फडक्यानं पुसून गार केली. सलीमभाईंच्याच चादरीत परत गुंडाळली. सकाळी गाठी कशा होत्या ते आठवून — एक वर, एक खाली — तशाच बांधल्या. एवढं नीट काम मी शिवणाचंसुद्धा केलेलं नाही.

संध्याकाळी यांनी गाठी सोडल्या. फटीवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "सलीमनं आणली तवा अशीच व्हती?"

"व्हय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई आले. शपथा घेत होते, भाच्याला बोलवतो म्हणत होते. हे एकच म्हणत होते, "गाडीत उन्हात ठिवली आसंल, सांग ना सरळ." शेवटी सलीमभाई दारापाशी आले आणि आत मला हाक मारली. "भाभी, आप तो देखे ना? मैं अच्छी ला के दिया था. बोलो ना भाई को."

मला किती बोलायचं होतं? चार शब्द. मी चुलीपुढं पाठ करून बसले होते. हे बाहेरून ओरडले, "तिला मधी घालू नको. ती माणसांम्होरं बोलत नाय."

सलीमभाई थोडा वेळ तिथंच उभे राहिले. त्यांची सावली माझ्या बाजूच्या भिंतीवर होती. मग ती गेली.

सगळ्यांना वाटलं, लाजाळू बाई आहे, भेदरली. मी ते तसंच वाटू दिलं. इतकी वर्षं लोक माझ्या गप्प बसण्याला गुण म्हणत आले.

गिटार कुणाला दुरुस्त करता आली नाही. ऑर्केस्ट्रा मोडला. हे करमाडच्या पुढं कंपनीत वॉचमन लागले, आता घरी असतात. मित्र पुन्हा केला नाही कुणी. आम्ही दोघं एका खोलीत दिवस काढतो आणि दिवसभरात दहा वाक्यं होत नाहीत. टीव्हीवर गाणं लागलं की यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर दाबत राहतात, एकेक, सावकाश. सलीमभाई मला एकदा छावणीच्या बाजारात दिसले. दाढी पांढरी झालेली. त्यांनी मला ओळखलं, बाजूला होऊन वाट दिली आणि "सलाम, भाभी" म्हणाले. मी पदर ओढून पुढं गेले.

आता कळलं ना बटणाचं? गिटार आली तर हे मला चांगली म्हणतील. मुलगी म्हणेल, नातेवाईक म्हणतील. ज्या बाईनं मोडली तिचंच कौतुक होईल, आणि मग खरं सांगायची जागाच उरणार नाही. हे मला अकरा दिवस कळतंय, तरी फोटो काढून टाकवत नाही. कधी वाटतं, आधी घेऊन टाकावी, मग सांगावं. कधी वाटतं, सांगायचं टळावं म्हणूनच तर मी घेत नाही ना?

काल दुपारी फोन यांच्यापुढं धरला. यांनी चष्मा लावला. बोटानं फोटो मोठा केला, दांडा पाहिला, जोड पाहिला.

"तीच हाय गं," म्हणाले. मग फोन मला परत दिला. "नको. हे एकट्यानं वाजवायचं नसतंय. संगं ड्रम लागतो."

मी म्हणाले, सलीमभाईंना विचारून बघायचं का. त्यांचं नाव मी आमच्या घरात पहिल्यांदा घेतलं.

हे रागावले नाहीत. "गिटारीचं काय नव्हतं," म्हणाले. "मोडली म्हनला आसता तर मी हसून सोडून दिलं आसतं. माझ्या तोंडावर खोटं बोलला, तेवढं मला झेपलं नाय."

मी त्यांच्यासमोर बसले होते, हातभर अंतरावर. घरात दुसरं कुणी नव्हतं. टँकर नव्हता, काम नव्हतं, बोलायला अडवणारं काहीच नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते.

"बरं, नको मग," मी म्हणाले.

आज सकाळी फोटो काढून टाकला. सलीमभाई खरं बोलले होते. हे मी यांना सांगितलेलं नाही.