स्कायलॅब पडेपर्यंत

१९७९ साली जगभर पेट्रोलसाठी रांगा लागल्या, सरकारं पडली, आणि स्कायलॅब नावाची अमेरिकेची रिकामी अंतराळ प्रयोगशाळा कुणाच्या डोक्यावर पडणार याची चर्चा घरोघर चालली. या सगळ्याचा फायदा झालेला आमच्या माहितीतला एकच माणूस. तो शिंपी होता. गल्ली त्याला परवामास्तर म्हणायची, कारण कपडे कधी मिळणार याचं त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

हात चांगला होता, त्यात वाद नाही. नडायचा तो स्वभाव. कापड आलं की गिऱ्हाइकाच्या देखत तो त्याला एक कात्री मारायचा आणि घडी फळीवर टाकायचा. कापलेलं कापड दुसरा शिंपी घेत नाही; गिऱ्हाईक अडकलं. त्यानंतर घाई फक्त गिऱ्हाइकाला असायची.

वरच्या खोलीत राहणारी त्याची थोरली बहीण, ताई, म्हणायची, "हा नऊ महिन्यांचा झाला तरी बाहेर यायला तयार नव्हता. आईला विचारा."

टेलिफोन एक्सचेंजमधल्या ऑपरेटरबाईंनी त्याच्याकडे एक कोट टाकला होता. थंडी गेली, पुढची थंडी आली, तेव्हा कोट मिळाला. आरशात बघत बाई म्हणाल्या, "या कोटापायी मी इतक्या खेपा घातल्या की लोक आपलं जमलंय म्हणतात. जमवूनच टाकू या का?"

चाळिशी ओलांडलेला मास्तर लाजला. "टाकू की," तो म्हणाला. "परवा ठरवू."

लग्नाच्या पोशाखासाठी बाई फिकट निळं कापड घेऊन आल्या. मास्तरने घडी उलगडली, बोलता बोलता कात्री मारली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे गिऱ्हाईक नव्हे.

"मलाही अडकवलंत?" बाई म्हणाल्या.

"हात गेला हो. सवय."

तेवढ्यात पेपरात स्कायलॅब आली आणि मास्तरला आभाळ ठेंगणं झालं. बँकेतला कारकून पँट मागायला आला, तर म्हणाला, "ते पडू दे, मग न्या."

"माझ्या पँटीचा आणि आभाळाचा काय संबंध?"

"साहेब, शिवून ठेवली आणि नेमकी दुकानावर पडली, तर? नुसतं कापड गेलं तर निदान शिलाई तरी वाचेल."

कारकुनाला हे पटलं, यावरून त्या वर्षीच्या हवेचा अंदाज यावा. पेपरवाले ती पडण्याची तारीख सारखी बदलत होते. शास्त्रज्ञ आपल्याच धंद्यातले असावेत, असं मास्तरला वाटू लागलं.

लग्नाच्या तारखेलाही त्याने तेच लावलं. बाई शांत होत्या. "मला राजधानीत बदली मिळतेय," त्या म्हणाल्या. "हो म्हणायचं की नाही, ते स्कायलॅब पडेल त्या दिवशी सांगते. पोशाख तयार असला तर राहते. नसला तर जाते."

जुलैत ती एकदाची पडली, काही समुद्रात, काही ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात. कुणी मेलं नाही. बातमी पसरली तशी सगळी गल्ली दुकानापुढे येऊन उभी राहिली. बाई कामाची पाळी संपवून आल्या, तर कारकून ओरडला, "ओ बाई, रांगेत या! आम्हीही आभाळ पडायचीच वाट बघत होतो."

बाई मुकाट्याने शेवटी उभ्या राहिल्या. मास्तरला त्या डोक्यांवरून दिसल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"काही शिवलेलं नाही," तो म्हणाला. "कुणाचंच."

मग जे बोललं गेलं ते छापण्याजोगं नाही. लोकांनी फळीवरच्या घड्या ओढून नेल्या. फळी रिकामी झाली तेव्हा बाई पुढे आल्या. मास्तरने निळ्या कापडाची एक बाही पुढे धरली.

"बाकीचं कधी?"

त्याने तोंड उघडलं. जिन्यावरून ताई कडाडली, "परवा म्हणालास तर याद राख, मेल्या!"

"माहीत नाही," मास्तर म्हणाला.

"मग मी जाते." बाईंनी बाही पिशवीत टाकली. "रविवारी दुपारची गाडी आहे. यायचं तर या. ती गाडी आहे, मी नव्हे; थांबणार नाही."

त्या गेल्यावर ताई खाली आली. "आता इथे कोण येणार तुझ्याकडे? कारकून? मशीन उचल."

"तुझं काय?"

"मी सुखाने झोपेन. तुझ्या गिऱ्हाइकांनी आजवर दुपारी डोळा लागू दिलाय का?"

रविवारी बाई ट्रंक घेऊन स्टेशनवर पोचल्या. त्यांनी एकच तिकीट काढलं होतं. माणसाची त्यांना पारख होती. फलाटावर, गाडी लागायच्या कितीतरी आधी, मास्तर मशीनच्या खोक्याला टेकून पेंगत होता. ताईने त्याला सकाळीच घराबाहेर काढून कडी लावली होती, हे त्याने पुढे कित्येक वर्षं कबूल केलं नाही.

बाईंनी त्याला हलवलं. "तिकीट?"

"काढलं नाही," डोळे चोळत तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही याल की नाही, काय नेम?"

 बाई मशीनच्या खोक्यावर बसल्या. "पळा," त्या म्हणाल्या. "खिडकीवर गर्दी आहे."