एकाच थर्मासमधला काढा

बुओना व्हिस्टा भागातल्या आमच्या ऑफिसात खोकल्यावरच्या एका चिनी काढ्याची चाचणी चालली होती. निम्म्या लोकांना खऱ्या काढ्याच्या पुड्या, निम्म्यांना तशाच रंगाच्या, तशाच कडू, पण औषध नसलेल्या. कोणाला काय मिळालं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. घरोघर जाऊन पुड्या देणं, खोकल्याची चौकशी करणं हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. तालुक्याच्या शाळेतून निघून परदेशात इथवर पोचले याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. पण तेव्हा मी फार थकले होते. खोकणारी माणसं पुरेशी मिळेनात, म्हणून आम्ही नवरा-बायको दोघांनाही घ्यायला लागलो होतो.

चाचणी संपत आली असताना एका आंटींकडे गेले. त्यांनी थर्मासमधून आधी नवऱ्याला कप भरून दिला, मग स्वतःला. हा कोणाचा काढा, असं मी विचारलं. दोघांचा, एकत्रच उकळते, म्हणाल्या.

"आंटी, पुड्या वेगवेगळ्या दिल्या होत्या ना?"

"म्हणून तर एकत्र केल्या. एकाला औषध आणि एकाला नुसतं पाणी, असं एका घरात चालतं का? तू लग्न कर, मग कळेल लाह," इथल्या सवयीचा 'लाह' शेवटी लावत त्या म्हणाल्या.

अंकल कपात बघून हसत होते.

परत येऊन मी चाचणी चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी बाकीच्या जोडप्यांना फोन करायला तेवढं सांगितलं. बहुतेकांनी तेच केलं होतं, आणि कोणालाच त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. काढा निरुपयोगी म्हणून की सगळ्यांनी वाटून घेतला म्हणून, ते सांगता येईना. बाईंनी अहवालात तसंच लिहिलं.

आंटींना हे कळवायला मीच गेले. दोघांचाही खोकला थांबला होता. असा खोकला कधीकधी आपोआपही जातो, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग पुढच्या वेळी दुकानातून आणू की नको?"

"आवडत असेल तर आणा," मी म्हणाले. हे उत्तर मला चाचणीच्या आधीही देता आलं असतं.