बेण्याच्या कट्ट्यातला ठोकळा

बाळांनो, मागच्या रविवारी तुमच्या आईने फोनवर सांगितलं की तिकडच्या डॉक्टरांनी तुम्हा दोघांना एक फॉर्म दिला आहे आणि त्यात घरातल्या आजारांची माहिती विचारली आहे. मी ती त्याच दिवशी लिहून पाठवली. आजोबांना मोठ्या आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन, उपचार, सध्याची तब्येत. चार ओळींत बसलं. मग मंगळवारी पुण्याच्या डॉक्टरांनी आजोबांचं सलाईन कायमचं बंद केलं, आणि जुन्नरला परत येताना गाडीत मला वाटलं की त्या चार ओळींत खरी गोष्ट आलीच नाही. ती घडली तेव्हा तुमच्या परीक्षा होत्या, म्हणून तुम्हाला कळवली नव्हती. आता सगळी सांगते.

अडीच वर्षांपूर्वीच्या थंडीत आजोबांच्या आतड्यातली गाठ काढली. अशा गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत मेणात बसवतात. त्याचा आगपेटीहून लहान ठोकळा होतो. त्यातून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर ठेवून तपासायचे, अशी पद्धत. आमचा ठोकळा दुसऱ्या मतासाठी पुण्याला नेला होता आणि तपासून झाल्यावर तो आमच्या हातात परत मिळाला. जिथे तो बनला त्या प्रयोगशाळेत तो जमा करायचा होता. ते राहून गेलं.

माझी फाईल तुम्हाला माहीतच आहे. रंगीत कागद लावून वेगळे केलेले भाग, प्रत्येक कागदावर क्रमांक, पुढे अनुक्रमणिका. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना लागलेली सवय. त्या अनुक्रमणिकेत माझ्या अक्षरात नोंद आहे: "ठोकळा परत मिळाला." तारीख आहे, सही आहे. तो ठेवला कुठे, हे मात्र लिहिलेलं नाही.

ऑपरेशननंतरच्या जूनमध्ये स्कॅन झालं. केमोथेरपी चालू असतानाच पोटातल्या गाठी वाढल्या होत्या. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "आता एकच वाट मला दिसते. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध आहे. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. गाठीत एक खूण असावी लागते. ती आहे का ते तपासल्याशिवाय मी आंधळेपणाने देणार नाही."

"मग तपासा," आजोबा म्हणाले.

नव्या गाठी मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून होत्या आणि आजोबांना हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू होत्या. सुई घालून नवा तुकडा घेणं धोक्याचं होतं. डॉक्टरांनी माझ्या फाईलकडे बघून विचारलं, "जुना ठोकळा असेल ना?"

"आहे," मी ठणकावून सांगितलं.

बाहेर येऊन फाईल उघडली आणि ती अर्धवट नोंद दिसली. ठोकळा परत मिळाला त्या दिवशी तो आजोबांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या दिरांकडे दिला होता, एवढं आठवलं. ते मंचरजवळ पेठ गावी असतात, बटाट्याची शेती करतात. फोन लावला.

"ठोकळा ना? हाये की," दीर म्हणाले. "मंचरला कोल्ड स्टोरेजला ठिवलाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"वहिनी, मांस हाय ते. घरात ठिवलं तर सडल न्हाई का? आपलं बेणं तिथं म्हैनोन् म्हैने टिकतं, कोंब सुदिक फुटत न्हाई. म्हणलं दादाचा माल बी तिथंच बरा. तुमच्या हितनंच एक स्टीलचा डबा आणला, त्यात घातला, आन् बेण्याच्या कट्ट्यात मदोमद ठिवला. निळ्या सुतळीनं त्ये पोतं शिवलंय. लई जपून ठिवलाय."

मेण घरातल्या कपाटात सुखाने राहतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नव्हतं. शिवाय मेथ्यांचा डबा सापडत नाही म्हणून मी चार महिने कामवाल्या बाईंवर संशय घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा, दीर आणि मी, आम्ही तिघंही मंचरला पोचलो. मी आजोबांना घरी थांबा म्हटलं होतं. "तुकडा माझा आहे," ते म्हणाले आणि गाडीत बसले. कोल्ड स्टोरेजच्या दारात कांद्याचे आणि बटाट्याचे टेम्पो लागले होते. तिथल्या मुकादमाने दिरांना पाहून हात वर केला.

"पावणं, उशीर केला. तुमचा लॉट तर पहाटंच गेला की. निम्मा तुमच्या पेठंला, निम्मा तुमच्या बहिनीकडं, निमगाव साव्याला."

"निळ्या सुतळीचा कट्टा?"

"तो निमगावच्या गाडीत व्हता. म्या सवता उचलून दिला."

लागवडीचे दिवस होते. बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, गाडीतून उतरलं की लगेच कापायला घेतात. एकेका बटाट्याचे डोळे बघून दोन-तीन फोडी करायच्या. माझी नणंद या वर्षी पहिल्यांदाच बटाटा करून पाहणार होती. तिला फोन लावला, उचलला नाही. सगळे रानात असणार. दिरांनी पिकअप नारायणगावकडे काढली. मी मांडीवर फाईल घेऊन बसले होते. उगीचच, कारण त्या फाईलचा त्या दिवशी काही उपयोग नव्हता. ऊन चढत होतं आणि मला एकच विचार होता. थंडीने मेणाला काही होत नाही. उन्हात तापलेल्या स्टीलच्या डब्यात ते वितळलं, तर आतला तुकडा गेला. मग ती खूण बघायची कशात?

नणंदेच्या शेताच्या कडेला सात-आठ बाया विळे घेऊन बसल्या होत्या. निळ्या सुतळीचा कट्टा बाजूला पडला होता, रिकामा.

"कसला डबा?" नणंद म्हणाली. "तो व्हय? तो तर सकाळीच पुजला."

कट्ट्यात डबा निघाला तेव्हा सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने सांगितलं होतं की बेण्याच्या मालकानं पीक यावं म्हणून देवाचं काहीतरी घातलंय, उघडू नका. त्यांनी त्याला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि बांधावरच्या म्हसोबापाशी नेऊन ठेवला.

"उन्हात?" मी विचारलं.

म्हातारीने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी वर्गात कच्च्या मुलाकडेसुद्धा कधी पाहिलं नसेल. "देवाला उनात ठिवतंय का कुनी? बाभळीखाली हाय."

मी बांधापर्यंत चालत गेले. तिथवर पळत गेले असं दीर सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. डबा सावलीत होता. झाकण उघडलं. ठोकळ्याच्या कडा अजून धारदार होत्या आणि त्यावरचा क्रमांक माझ्या फाईलमधल्या क्रमांकाशी जुळला.

"बाई, हाय तरी काय त्यात?" एकीने विचारलं.

"आमचा दादा हाय," दीर म्हणाले.

"आगं माय. मंग आदी सांगायचं, नारळ बी फोडला आसता."

आजोबा बांधावरच खाली बसले. हसायला लागले. नणंदेने त्यांना पाणी दिलं. "माझा तुकडा तुझ्याकडे येऊन मान घेऊन बसला," ते तिला म्हणाले, "आणि मला अजून चहासुद्धा नाही."

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंची नजर डब्यावरच्या कुंकवाकडे गेली. मीच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बटाट्याबरोबर राहिलेला ठोकळा पहिल्यांदाच बघतेय. पण गारव्यात होता ते चांगलंच झालं." दहा दिवसांनी निकाल आला. पेशी वाढताना तिच्यात झालेल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. आजोबांच्या गाठीत त्यातली दोन नव्हतीच. ती नसणं हीच डॉक्टर शोधत असलेली खूण. बहुतेकांच्या गाठींत अशी खूण सापडत नाही.

मी दिरांना हे समजावायला बसले तर त्यांनीच मला समजावलं. "म्हंजी आसं बघा वहिनी. बेणं निवडनाऱ्या बाया सडका बटाटा लगीच वळखत्यात, कारन तो येगळा दिसतो. दादाची गाठ तशी, लई येगळी दिसनारी. पन तिनं बायांचं हात बांधून ठिवल्यात. ह्ये आवशद हात सोडतं. बराबर?"

बरोबर होतं. मी इतकं सोपं सांगू शकले नसते.

मग दोन वर्षं, दर तीन आठवड्यांनी, सलाईनमधून ते औषध. पहिल्या स्कॅनमध्ये गाठी निम्म्या झाल्या, तिसऱ्यात शोधाव्या लागल्या, नंतर शोधूनही सापडेनात. मध्ये त्यांची थायरॉइड ग्रंथी मंदावली. त्याची गोळी आता रोज सकाळी घ्यावी लागते. दुसरी तक्रार नाही. तुमच्या फॉर्मसाठी सांगते, ती खूण घराण्याच्या रक्तातून आलेली आहे का, हेही तपासलं. नाही. ती फक्त त्या गाठीत होती. तुम्हा दोघांना तिची भीती नाही.

मंगळवारी सलाईन बंद झालं तेव्हा आजोबांनी पहिला फोन निमगावला लावला, त्या म्हातारीला. ती म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं." गुरुवारी ते पेठला जाऊन दिरांच्या रानात दोन तास फिरून आले. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून कुरकुर केली. ती ऐकायला मला फार बरं वाटलं.

माझ्या अनुक्रमणिकेत आता आणखी एक रकाना आहे: "कुठे ठेवलं". ठोकळा जिथे बनला त्या प्रयोगशाळेत जमा आहे, पावती फाईलमध्ये लावली आहे. तपासण्यांना लागले तेवढे काप काढूनही त्यातला अर्ध्याहून जास्त तुकडा शिल्लक आहे. डबा परत माझ्या स्वयंपाकघरात आला. त्यात मेथ्या आहेत, आणि झाकणावरचा कुंकवाचा डाग मी घासून काढलेला नाही. आजोबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत आहेत.